लटारूची दोन मिनिटं

लटारू चुनारकरबद्दल मी चांगलंचुंगलं बोलीन असं समजून कोणी बसला असन, तं त्यानं आत्ताच उठून जावं. मी त्याच्यावर जळतो. तीस-पस्तीस वर्षं झाली, जळूनच राह्यलो. लोक जळतात अन् वरून गोड हासतात. मले ते जमत नाई. पण त्याची गोष्ट कोणीतरी सांगायले पाह्यजे, अन् मी ती जितकी जवळून पाह्यली तितकी कोणी पाह्यली नाई. शत्रूवर नजर ठेवावी तशी मी त्याच्यावर ठेवली, म्हणून सारं ध्यानात आहे.

तो पोंभुर्ण्याकडच्या एका खेड्यातला. बाप मोहफुलं अन् तेंदूपत्ता गोळा करे, माय लोकाईच्या बांधीत धानाची रोवणी करे. सातवीत शाळा सुटली अन् हा आलापल्लीले लाकडाच्या ट्रकवर क्लिनर लागला. सागाचे ओंडके लादलेला ट्रक जंगलातून डेपोवर आणायचा, म्हणजे इंजिनाचा जीव निघते. त्या ट्रकचा ड्रायव्हर पोचू उस्ताद, सिरोंच्याकडचा, रागावला की तेलुगूत शिव्या देणारा. त्यानं लटारूले दोन गोष्टी शिकवल्या. एक, खर्रा खाणं. दुसरी, चढ चढून आलेलं इंजिन एकदम बंद न करणं.

खर्रा कोणाले माहीत नसन तं सांगतो. सुपारी, तंबाखू अन् चुना प्लास्टिकच्या पन्नीत बांधून मिळते, आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत ठेल्याठेल्यावर. ती पन्नी दोन तळव्यांत धरून घोटावी लागते, चांगली दोन मिनिटं, तवा तो तोंडात टाकायच्या लायकीचा होते. पोचू उस्तादाचा नियम असा होता: गाडी उभी केली, हँडब्रेक लावला, की पयले खर्रा घोटायचा. घोटून झाला की मंग चाबी फिरवायची. तेवढ्या वेळात इंजिन हळूहळू फिरते, दम खाते, आतली आग खाली बसते. लटारूनं तो नियम असा अंगी लावून घेतला की त्याच्या हातची गाडी खर्रा घोटल्याशिवाय कधी बंद झालीच नाई.

पुढं आमी दोघंही मूलच्या स्टँडवर काळी-पिवळी जीप चालवू लागलो. मूल ते चंद्रपूर, मूल ते पोंभुर्णा, शिवरात्रीले मार्कंड्याच्या जत्रेच्या फेऱ्या. माह्यं जळणं तिथूनच सुरू झालं. माह्या जीपचं इंजिन तीनदा उघडलं, त्याचं चौदा वर्षांत एकदाही नाई. तीच कंपनी, तेच साल, तोच रस्ता! मी आयटीआय झालेला डिझेल मेकॅनिक, घरात फ्रेम करून लावलेलं सर्टिफिकेट. अन् हा सातवी नापास. तरी लोक स्टँडवर येऊन इचारत, "लटारूचा नंबर कवा आहे जी?" नंबर माह्या असला तं म्हाताऱ्या बाया झाडाखाली बसून घेत. "आमाले घाई नाई, जा तुमी."

अन् घरात आमची कमला. माह्यी लग्नाची बायको! माहेरी जायचं झालं की म्हणे, "लटारूभाऊच्या गाडीनं जातो मी. त्याईच्या गाडीत पोटातलं पाणी हालत नाई." आता सांगा, कोणत्या नवऱ्याच्या अंगाचा तिळपापड होणार नाई?

तो वाईट वागला असता तं माह्यं काम सोपं झालं असतं. पण तो वाईट वागतच नाई, हाच तं त्याचा ताप आहे. माह्यी जीप रस्त्यात बंद पडली की हा सोताच्या सवाऱ्या थांबवून येते, कोपरापर्यंत हात काळे करते, अन् वरून म्हणते, "काई नाई बे हरिदास, डिझेलच्या नळीनं एअर घेतली होती." साऱ्या सवाऱ्यांसमोर! मी आयटीआयवाला बाजूले पाना धरून उभा.

गाड्यांच्या धुराचे बीएस-सिक्सचे नियम लागू व्हायच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. मार्च महिन्यात पुण्याकडची एक मोटार कंपनी मूलले आली. बंद पडलेल्या एका राईस मिलचं आवार त्याईनं भाड्यानं घेतलं. घरगुती कारसाठी नवीन डिझेल इंजिन बनवून राह्यले होते. थंडी त्याईनं वर बर्फाच्या मुलखात पाहून घेतली होती, चढ डोंगरात पाह्यला होता. आता ऊन पाहायचं होतं. अन् ऊन पाहायचं तं आमच्याशिवाय जाणार कुठी? मे महिन्यात आमच्या इथी सत्तेचाळीस म्हणजे कोणी मान वर करून पाहत नाई.

त्याईच्यासोबत आल्या रश्मी मॅडम. तिशीच्या आतबाहेर, कपाळाले रुमाल बांधलेला, नखांत ग्रीस. मले पयल्यांदा वाटलं ही कोणाची असिस्टंट असन. नाई, बाप्पा! साऱ्या इंजिनाची मुख्य तीच. "हे इंजिन कागदावर नुसत्या रेघा होतं तेव्हापासून माझ्याकडे आहे," असं तिनं सांगतलं. "पाच वर्षं झाली."

त्याईले दोन स्थानिक ड्रायव्हर पाह्यजे होते. स्टँडवरून आमी दोघं गेलो. मॅडमनं टेबलावर पंप, नळी अन् नोझल मांडून ठेवले होते. म्हणाल्या, "पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते, डिझेलच्या नसते. इथे हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारायचं. नोझलची भोकं केसाएवढी. त्यातून धुक्यासारखा फवारा यायचा तर डिझेलला प्रचंड दाब लागतो. दाब कमी पडला तर फवारा नाही, आणि फवारा नाही तर इंजिन चालूच होणार नाही."

हे सारं मले येत होतं. मी मान हालवत होतो, मधात मधात "हाव, हाव, कॉमन रेल" म्हणून दाखवत होतो. लटारूची नजर नोझलवर. मंग त्यानं नोझल हातात घेऊन फिरवून पाह्यलं अन् म्हणाला, "बाई, मंग डिझेलच तापून पाण्यावानी पातळ झालं, तं ते दाब कसा धरन? फटीफटीतून निसटून नाई जाणार?"

मॅडमनं त्याच्याकडं पाह्यलं. नुसतं पाह्यलं नाई, खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या. "तेच तर तपासायला आलोय, काका."

संपलं. तिथीच निकाल लागला. "लटारूकाका तपासणीची गाडी चालवतील. हरिदासजी, तुम्ही मागची गाडी घ्या. पाणी, सामान, जादा चाक तुमच्याकडे." 'काका' अन् 'जी' यात किती कोसाचं अंतर असते ते मले त्या दिवशी समजलं. तो प्रश्न माह्या तोंडात यायले पाह्यजे होता. माह्या! मी शिकलो होतो ते. पण आला त्याच्या तोंडात, अन् मी बसलो मान हालवत.

जाताना मॅडम आणखी एक बोलून गेल्या. उन्हाळा संपला की दोघांतल्या एकाले कंपनीच्या पुण्याकडच्या टेस्ट ट्रॅकवर कायमची नोकरी. त्या रात्रीपासून मले दुसरं काई सुचेना. पन्नाशीले टेकलो होतो, काळी-पिवळी म्हातारी झाली होती, अन् जिंदगीत एकदा तरी मले लटारूच्या पुढं राहायचं होतं. ती जागा मले पाह्यजे होती. त्याले मिळाली तं मी मूलमध्ये तोंड दाखवणार नाई, असं मी कमलाले सांगूनही टाकलं. ती म्हणाली, "भाऊले मिळाली तं मिळू द्या नं. तुमाले काऊन पोटात दुखते?" घ्या!

रोजचं काम असं. दुपारी बाराच्या ठोक्याले गाडी काढायची. अंगभर काळे-पांढरे पट्टे चिकटवलेली ती कार, मागच्या सीटवर रेतीची पोती, एसी पूर्ण चालू. मूलवरून चंद्रपूर, तिथून उलटं, केसलाघाटाच्या चढाले गाडीची पूर्ण ताकद काढायची, अन् तसंच तापलेलं इंजिन घेऊन मिलच्या आवारात यायचं. गाडी उभी करायची, इंजिन बंद करायचं, काचा लावून वीस मिनिटं उन्हात ठेवायची. मंग चाबी फिरवून सेल मारायचा. किती सेकंदांत चालू होते ते वहीत लिहायचं. भिंतीवर ठळक अक्षरात कागद लावला होता: गाडी थांबताच इंजिन लगेच बंद करावे.

ती गाडी रोज पयल्या सेलात चालू होई. एक सेकंद, सव्वा सेकंद. मॅडम खुश. पुण्याले फोन करून सांगत, "आजही पास." अन् लटारूचं कौतुक तं इचारूच नका. तो वहीत आपल्या भाषेत लिहे: 'चढावर दुसऱ्या गेरात एकदा ठसकते, मंग जोर लावते.' मॅडमनं ते 'ठसकते' पुण्याच्या इंजिनिअर लोकाईले समजावून सांगतलं अन् त्या एका शब्दावर त्याईनं कॉम्प्युटरात काईतरी बदललं, अन् ते ठसकणं गेलंही. आवारात तंबाखू खायची मनाई होती, तं या पठ्ठ्यानं पयल्याच दिवशी खर्रा सोडला. तीस वर्षांचा! मॅडमनं साऱ्याईसमोर टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माह्या खिशात पन्नी होती.

आता ऐका. मी रोज त्याच्या मागून येई. तो गाडी उभी करे, अन् मी माह्यी गाडी त्याच्या बाजूले लावून उतरे. रोज दिसे ते एकच: लटारू आत बसलेला, इंजिन चालूच, अन् हा दोन्ही तळवे एकमेकांवर घोटून राह्यला. रिकामे तळवे! खर्रा सुटला, पण हात सुटले नाई. तळवे घोटून झाले की मंग चाबी फिरवे.

पयल्या आठवड्यात मी हासलो. दुसऱ्या आठवड्यात माह्या डोक्यात टकटक झाली. भिंतीवर लिहिलं आहे 'लगेच बंद', अन् हा देते दोन मिनिटं. इंजिनातलं पाणी फिरते, पंखा फिरते, इंजिनाचं डोकं थंड होते, मंग बंद. म्हणजे ज्या तापासाठी हे लोक एवढ्या दूर आले, तो ताप या इंजिनानं पाह्यलाच नाई!

लटारू खोटं करून राह्यला होता काय? नाई. हे मी जळत असलो तरी सांगीन. आमच्या इकडं खर्रा घोटायच्या वेळेले वेळ म्हणतच नाईत. 'लगेच निघतो' म्हणणारा माणूस खर्रा घोटूनच निघते, अन् उशीर झाला असं ना तो म्हणते, ना त्याची वाट पाहणारा. लटारूनं तो कागद वाचला होता. त्याच्या हिशेबानं तो लगेचच बंद करत होता.

मंग मी त्याले काऊन नाई सांगतलं? "अबे लटाऱ्या, हात घोटू नको," एवढंच तं म्हणायचं होतं. नाई म्हणलं. मॅडमलेही नाई सांगतलं, कारण तवा सांगतलं असतं तं 'बरं झालं, उद्यापासून नीट करा' म्हणून विषय संपला असता. मले विषय संपवायचा नव्हता, लटारूले संपवायचं होतं. मी गोष्ट पिकू दिली. एप्रिल गेला, अर्धा मे गेला, एकेचाळीस तपासण्या झाल्या, साऱ्या पास.

मंग एका सकाळी मॅडम म्हणाल्या, "परवा पुण्याहून साहेब येतायत. इंजिनाला शेवटची मंजुरी देतील. आणि काका, तुमचं नाव मी नोकरीसाठी सांगणार आहे." लटारूनं खाली पाह्यलं अन् म्हणाला, "हरिदासले घ्या नं बाई, तो शिकला आहे." तळपायाची आग मस्तकात गेली माह्या. भीक देते काय मले?

तासाभरानं लटारू गाडी धुवायले गेला तसा मी मॅडमच्या खोलीत शिरलो.

"मॅडम, एक गोष्ट सांगायची होती. लटारू इंजिन लगेच बंद करत नाई. दोन मिनिटं चालू ठेवते. रोज."

त्याईनं लॅपटॉप उघडला. पडद्यावर गाडीतल्या यंत्रानं नोंदलेल्या रेघाच रेघा. बोट ठेवून एकेक तारीख पाहू लागल्या. "ही दोन मिनिटं... मला वाटलं फाटक उघडायची वाट पाहतात." मंग दुसरी तारीख, तिसरी, दहावी. "एकेचाळीस वेळा फाटक दोन मिनिटांनीच उघडतं का? मी मूर्ख आहे." त्याईचा चेहरा उतरला. खरं सांगतो, मले असा आनंद कधी झाला नव्हता. लग्नातही नाई.

त्याईनं मान वर केली. "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पयल्या... म्हणजे, लक्षात येऊन राह्यलं होतं."

"मग आज का सांगताय?"

मी खिशातली पन्नी चाचपू लागलो. त्याईनं लॅपटॉप मिटून तपासणीच्या गाडीची चाबी माह्यासमोर ठेवली.

त्या दुपारी पुढच्या गाडीत मी बसलो. दोन महिन्यांत पयल्यांदा! केसलाघाटावर इंजिन पिळून काढलं, मिलच्या आवारात आणलं, ब्रेक मारला अन् त्याच क्षणी चाबी फिरवली. खट्. वीस मिनिटं झाली. सेल मारला. इंजिन घरघरलं, फिरलं, पण पकडलं नाई. परत मारला. दहा सेकंद, पंधरा सेकंद, नाई म्हणजे नाई. बॅटरी बसायची वेळ आली. आतल्या तापानं डिझेल पातळ झालं होतं, दाब बनत नव्हता. पयल्या दिवशी लटारूनं इचारलं होतं, तेच. पाऊण तासानं इंजिन थंड झालं तवा चालू झालं.

मॅडम बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभ्या होत्या. "परवा मंजुरी मिळाली असती," एवढंच म्हणाल्या. "हे इंजिन हजारो घरांत गेलं असतं. बायका-मुलं भर उन्हात रस्त्यावर उभी राहिली असती."

लटारू आंब्याच्या सावलीतून आला. सारं समजलं होतं त्याले. सोताचे तळवे पाहत होता. "बाई, मी बेइमानी नाई केली. माह्या हातालेच समजलं नाई जी." डोळ्यात पाणी. मी दुसरीकडं पाह्यलं. मले वाटलं, आता जातेच हा घरी.

पण मॅडमनं त्याच्यासाठी खुर्ची मागवली. "काका, बसा. तुम्ही आजार झाकलात हे खरं. पण एकेचाळीस दिवस रोज औषधही तुम्हीच देत होतात. मला तेच औषध पाहिजे."

अन् मंग जे आठ दिवस गेले, ते माह्या वैऱ्यालेही न येवोत. एक दिवस लटारू गाडी चालवे अन् दोन मिनिटं देऊन बंद करे. दुसऱ्या दिवशी मी चालवे अन् लगेच बंद करे. त्याच्या हातची गाडी पयल्या सेलात चालू, माह्या हातची मेल्यावानी पडून. साऱ्या कंपनीसमोर, यंत्रावर मोजून, कागदावर लिहून! साहेब पुण्याहून आले तेही माह्या बाजूले उभे राहून घड्याळ पाहत होते. स्टँडवर जे तीस वर्षं तोंडी चालत होतं, त्याचा आता तक्ता तयार झाला.

जूनच्या सुरवातीले पुण्याहून विजेवर चालणारा एक छोटा पाण्याचा पंप आला. मॅडमनं तो इंजिनाले बसवला, डिझेलच्या पंपापाशी उष्णता अडवायले पत्रा लावला. आता चाबी काढली, इंजिन बंद झालं, तरी पाणी अन् पंखा आपोआप दोन मिनिटं फिरत राहत. माणसानं कितीही घाई केली तरी इंजिन आपला दम खाऊनच घेई. माह्या हातूनही गाडी पयल्या सेलात चालू झाली. मॅडम हासल्या अन् म्हणाल्या, "काका, ड्रॉइंगवर याला नाव द्यावं लागतं. मी तुमचंच देते." लटारू लाजून पार लाल झाला. "नाव कायले बाई, माह्या उस्तादाची गोष्ट आहे ती."

अन् नोकरी? नोकरी मले मिळाली.

हाव, मलेच. कागद हातात देताना मॅडम म्हणाल्या, "ट्रॅकवर आम्हाला इंजिनं मोडून बघावी लागतात, हरिदासजी. लटारूकाकांचा हात तिथे चालणार नाही. तो गाडीला सांभाळतो. आम्हाला इंजिनाची कीव न करणारा माणूस लागतो. तो तुम्ही आहात." त्या हासत नव्हत्या अन् टोमणाही मारत नव्हत्या. नुसतं सांगत होत्या. म्हणून ते जास्त लागलं.

घरी कमलानं खीर केली. संध्याकाळी लटारू आला, सोबत बायकोनं दिलेला जांभळांचा डबा. माह्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हरिदास, तू सांगतलं नसतं तं माह्या हातून किती लोकाईचे हाल झाले असते बे. मैत्रीचा मुलाजा नाई धरला तू, म्हणून इंजिन वाचलं. मोठा माणूस आहेस." कमला दारात उभी राहून कौतुकानं माह्याकडं पाहू लागली. तीस वर्षांत पयल्यांदा! अन् तेही लटारूच्या शब्दावर. मी खीर खाल्ली नाई.

तो परत काळी-पिवळीवर गेला. मी पुण्याकडं आलो. इथी रोज बारा तपासण्या असतात, अन् प्रत्येक तपासणीच्या फॉर्मवर एक ओळ हातानं लिहावी लागते: 'लटारू – चालू' नाईतं 'लटारू – बंद'. इंजिन थांबल्यावर ते पाणी-पंखा फिरवणं सुरू ठेवायचं की तोडायचं, एवढाच त्याचा अर्थ. ड्रॉइंगवर तेच नाव, मीटिंगमध्ये तेच नाव. अमराठी इंजिनिअर पोट्टे-पोट्ट्या येतात, तेही म्हणतात, "लटारू ऑन करो." दिवसातून बारा वेळा माह्या हातानं ते नाव लिहितो अन् खाली सही करतो. पुढं राहायचं होतं नं मले? राह्यलो पुढं.

गेल्या वर्षी मे महिन्यात लटारूचा फोन आला. त्या इंजिनाची कार कोणीतरी मूलच्या स्टँडवर आणली होती. माणूस चाबी काढून चहा प्यायले गेला, अन् आतला पंखा चालूच राह्यला. लोक म्हणत होते बिघडली, बिघडली. लटारू तिथी उभा राहून ऐकत होता.

"मी कोणाले काई बोललो नाई," म्हणाला. "लोक हासतीन. पण तुले इचारतो. बाई त्या वेळेस म्हणत होत्या... माह्यं नाव देतो म्हणून. तसं काई लागलं का बे त्या इंजिनात?"

माह्या मांडीवर फॉर्म होता. त्यावर आत्ताच, माह्याच अक्षरात, ते नाव लिहून शाई वाळत होती.

"नाई बे," मी म्हणलो. "साहेबाईनं काढून टाकलं ते. आता नुसता नंबर आहे."

मंग म्हणाला, "हाव का? बरंच झालं. मी उगा आपलं... पण गाडी पयल्या सेलात चालू होते नं?"

"होते."

"मंग झालं," म्हणाला, अन् कमला कशी आहे, पोरं कशी आहेत, सारं इचारून फोन ठेवला.

तवापासून दोनदा मूलले जाऊन आलो. त्याच्या जीपमध्ये समोर बसून चंद्रपूरपर्यंत गेलो. दोन्ही वेळेस गोष्ट ओठापर्यंत आली, अन् रस्त्यातला एकेक माणूस त्याले हात करू लागला की मी तोंड मिटून बाहेर पाहत बसलो. तुमाले सांगतलं ते सांगतलं. तुमच्यापैकी कोणी मूलकडं गेलाच, तं त्याले सांगू नका.